फक्त बघण्यापुरतं

"जावईबापू, आमच्या फाईलला तुम्ही कुलूप घातलंय का?"

नमस्कार नाही, चमत्कार नाही. सकाळी साडेनऊला आलेल्या फोनवर एवढं एकच वाक्य. आवाज त्याने लगेच ओळखला. त्याच्या पूर्वाश्रमीच्या बायकोचा थोरला भाऊ, म्हणजे पूर्वाश्रमीचा मेहुणा. घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली होती, तरी त्या घरात आणि त्या कारखान्यात त्याचं नाव अजून जावईच होतं. आधी ते कौतुकानं घेतलं जायचं, नंतर कुचकटपणे.

"कुलूप घालायला मी तिथे आलोय कधी?" तो म्हणाला. "झालंय काय?"

"तुमचा प्रोग्रॅम एक दिवस मला आत घेत नाही, एक दिवस हिला. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला. म्हणतो फाईल ठणठणीत आहे. मग उरलं कोण?"

"दुसऱ्या कोणाला तरी बोलवा, दादा."

मग दादा खालच्या पट्टीत म्हणाला, "एका माणसाच्या पायाला जखम झालीये. चुकीच्या मापाचा कृत्रिम पाय दिला गेला त्याला."

तो एका दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात कामाला होता. पायाला जखम म्हणजे काय, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि निघाला.

कारखाना म्हणजे तीन खोल्या आणि मागचं पत्र्याचं शेड. तिथे कृत्रिम पाय बनत. पुढच्या खोलीत दादाचं टेबल आणि त्यावर मुख्य कॉम्प्युटर. मधल्या खोलीत पेशंटनी चालून बघायचे दोन समांतर दांडे, भिंतीवर उंच आरसा आणि मापं घ्यायचं स्टूल. ती खोली दादाच्या बहिणीची, म्हणजे त्याच्या पूर्वाश्रमीच्या बायकोची. शेडमध्ये साचेकाका. प्लास्टरचे साचे, भट्टी, आणि ओळीनं टांगलेले अर्धवट पाय. बारा वर्षांपूर्वी, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, त्याने या माणसांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. प्रत्येक पेशंटचं प्रत्येक माप त्यात भरायचं. फाईल दादाच्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये राहायची आणि वायरीतून मधल्या खोलीतही उघडायची. आता त्यात अकराशे माणसांची मापं होती.

तो आत शिरला तेव्हा ती स्टुलावर बसून मोजपट्टी गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही.

"काका," ती शेडच्या दिशेनं ओरडली, "याला कोणी बोलावलं?"

साचेकाका दारात आले. हात कोपरापर्यंत पांढरे. त्यांनी एकदा हिच्याकडे, एकदा पुढच्या खोलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला मध्ये घेऊ नका. सकाळपासून घसा बसलाय माझा तुमचे निरोप पोचवून."

बहीणभाऊ आठ महिने एकमेकांशी बोलत नव्हते. बारा पावलांवर बसायचे दोघं. मधे दार, तेही उघडंच. पण 'काका, त्यांना सांगा' आणि 'काका, तिला विचारा' असाच सगळा कारभार चालायचा.

"काका, तिला सांगा," दादा पुढून म्हणाला, "मी बोलावलंय. ज्याचं पाप त्यानं निस्तरावं."

"मी ऐकतोय," तो म्हणाला. "बहिरा नाहीये अजून."

त्याला कोणी बसा म्हटलं नाही. त्याने स्वतःच खुर्ची ओढली आणि झालं काय ते विचारायला लागला. उत्तरं दोन्ही खोल्यांतून आली, एकाच वेळी, आणि एकमेकांवर आदळली. शेवटी काकांनीच ते नीट सांगितलं.

एका शिंप्याचा पाय गुडघ्याखाली गेलेला. दहा वर्षं त्याचं सगळं इथेच. मध्यंतरी आजारपणात अंगावर सूज आली आणि उरलेला पाय जाड झाला. बहिणीने नवीन माप घेतलं. जुना घेर तीनशे बारा मिलिमीटर होता, तो तीनशे तीस भरला. ती भरायला गेली, तर स्क्रीनच्या वरच्या बाजूला पिवळी पट्टी: फक्त वाचण्यासाठी. मग तिने ते पेन्सिलीनं चिठ्ठीवर लिहिलं आणि दादाने भरावं म्हणून काकांच्या हाती पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती सकाळी आठला आली आणि तिने प्रोग्रॅम उघडला. तो आकडा दादाने भरलाच असेल असं तिने धरलं. दादा दहाला आला, तर त्याच्या स्क्रीनवर: फाईल दुसऱ्याने उघडली आहे. चिठ्ठी पेपरवेटखाली पडून राहिली. काकांनी कागद मागितला तेव्हा दादाने आठवड्याच्या सुरुवातीला छापून ठेवलेला कागद दिला. त्यावर तीनशे बारा होतं.

"मी चिठ्ठीवरून करतो म्हणालो होतो," काका म्हणाले. "पण साहेबांचा नियम. कॉम्प्युटरवर असेल तेच खरं."

"काका, जावईबापूंना सांगा, ती मुद्दाम आठला येऊन फाईल अडवून बसते."

"काका, दादाला विचारा, मला लिहिताच येऊ नये अशी सोय कोणी केली?"

तो उठला. दादाच्या कॉम्प्युटरवर बसून त्याने आधी फाईलच्या परवानग्या पाहिल्या. दादाला सगळे हक्क. बहिणीच्या लॉगिनलाही सगळे हक्क. वाचणं, लिहिणं, पुसणं, सगळ्यावर खुणा. दुरुस्तीवाला खोटं बोलला नव्हता.

"दिसलं?" दादा खांद्यावरून वाकून म्हणाला. "सगळं दिलेलं आहे तिला. आता राहतो तुमचा प्रोग्रॅम."

"मला दोघांचं वेगवेगळं उघडून बघायचंय. आत्ता आत कोण आहे?"

"महाराणी. आठपासून."

तो मधल्या दाराशी गेला. "जरा बंद कर. पाच मिनिटं."

"नाही."

"बंद केल्याशिवाय कळणार कसं?"

"मी बंद केलं की तो शिरणार. मग मी दिवसभर पिवळी पट्टी बघत बसायची. आठ महिने हेच चाललंय." पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत ओळखीचं काही नव्हतं. "आणि तू कोणासाठी आलायस ते मला कळतं. आमच्या घरात तू नेहमी त्याच्याच ताटाला ताट लावून बसायचास."

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तो काही बोलायच्या आत दादा टेबलामागे वाकला. "मी वायरच उपटतो. बघू कशी आत राहते ते."

"हात लावू नका!" तो एवढ्या जोरात ओरडला की शेडमधली ठोकठोक थांबली. "कोणी काही भरत असताना वायर काढली तर फाईल मोडते. अकराशे माणसांची मापं जातील. मग बसा मोजत पुन्हा."

दादाचा हात वायरीवरच राहिला. बहीण कॉम्प्युटरसमोर आडवी उभी राहिली. आणि तो मधल्या दारात उभा, दोन्हीकडून शिव्या खायला मोकळा. त्याच्या मनात आलं, सरळ चालू पडावं. मोडू दे फाईल. या माणसांनी त्याला ज्या दिवशी बाहेर काढलं, त्या दिवशीसुद्धा पाण्याला विचारलं नव्हतं.

तेवढ्यात पुढच्या दारात कुबड्यांचा आवाज झाला.

शिंपी आला होता. पँटचा एक पाय गुडघ्याखाली दुमडून टाचणीनं टाचलेला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवाकोरा पाय. त्याने तो दादाच्या टेबलावर, कागदांवरच, धाडकन ठेवला.

"हा घ्या तुमचा दागिना."

शिंपी मधल्या खोलीत गेला, स्टुलावर बसला, टाचणी काढली आणि दुमडलेला कपडा वर सरकवला. उरलेल्या पायाच्या दोन्ही बाजूंना लालबुंद चट्टे होते. एका जागी कातडी निघून ओलं मांस दिसत होतं. वाटीसारखा जो भाग असतो, ज्यात पाय आत बसतो, त्याच्या कडेचा अख्खा ठसा तिथे उमटला होता.

"चार दिवस घातला," तो म्हणाला. "वाटलं नवीन आहे, बसेल हळूहळू. बूट बसतो तसा. शिलाई मशीन पायानं चालवतो मी. चौथ्या दिवशी मोजा रक्तानं चिकटला."

"अरे देवा..." बहीण पुटपुटली. तिचा हात आपोआप त्या पायाकडे गेला आणि थांबला.

"मी बाहेरून ऐकलं सगळं. बंद कर, नाही करत, वायर उपटतो." शिंप्याचा आवाज चढला नाही, पण धार आली. "अहो, मीही मापं घेऊनच पोट भरतो. माझी कंबर चुकली तर माणूस दुकानात येऊन मला चार शब्द सुनावतो आणि मी पँट उसवून देतो. हे कसं उसवू? सांगा ना. बाई, तुम्ही माप बरोबर घेतलं होतं. मी बघितलं होतं पट्टीवर. तीनशे तीस. आणि साहेब, ती चिठ्ठी तुमच्या टेबलावर मी स्वतः बघितली, पाय न्यायला आलो तेव्हा. एवढासा आकडा चिठ्ठीवरून कॉम्प्युटरपर्यंत चालत गेला नाही तुमच्याकडून. मी एका पायावर गावभर फिरतो."

दादाने वायर सोडली. बहीण वळली, तिने प्रोग्रॅम बंद केला आणि खुर्ची लाथेनं मागे ढकलली.

"बघ काय बघायचं ते," ती त्याला म्हणाली.

त्याने आधी दादाच्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं. प्रोग्रॅम उघडताच फोल्डरमध्ये मुख्य फाईलच्या शेजारी एक छोटीशी फाईल आपोआप तयार झाली. बंद केल्यावर पुसली गेली. मग मधल्या खोलीतून उघडलं. छोटी फाईल आलीच नाही. आता दादाकडून उघडायला गेलं, की दार बंद. त्याच्या लक्षात आलं. इतके दिवस सगळे फाईलच चाचपत बसले होते. फाईल ज्यात ठेवली होती ते फोल्डर कोणी पाहिलंच नव्हतं.

त्याने फोल्डरच्या परवानग्या उघडल्या. यादीत तीनच नावं होती. दादा: सर्व हक्क. बहीण: फक्त वाचणे. आणि तिसरं, 'जावई': सर्व हक्क. खाली मालक म्हणूनही तेच नाव. सहा वर्षांपूर्वीचं त्याचं लॉगिन कोणी काढलंच नव्हतं.

"हा प्रोग्रॅम उघडला की शेजारी एक छोटी फाईल बनवतो," तो कोणाकडेच न पाहता बोलू लागला. "हजेरीपट समजा. आत कोण आहे, कोण कुठला आकडा बदलतंय, ते तिथे लिहिलं जातं. म्हणून तर दोघं एकाच वेळी काम करू शकतात. पण हजेरीपट करायचा तर त्या फोल्डरमध्ये नवीन काही ठेवायची आणि पुसायची परवानगी लागते. हिला ती नाही. म्हणून ही आधी आली की हजेरीपटाशिवाय आत जाते आणि दुसऱ्याला दार बंद होतं. दादा आधी आले की हिला नुसतं बघता येतं. कोणी कोणाला अडवत नव्हतं. फाईलला हक्क देऊन उपयोग नसतो, फोल्डरला द्यावे लागतात."

"मग हिचे फोल्डरचे हक्क गेले कुठे?" साचेकाकांनी विचारलं. ते दारात येऊन उभे होते.

"मी लावलं तेव्हा होते. हे आपोआप जात नाहीत." तो दादाकडे वळला. "कोणीतरी इथे बसून खूण काढलीये."

दादाने पेपरवेट उचललं, पुन्हा ठेवलं.

"काढली," तो शेवटी म्हणाला. "मी काढली. दिवाणखान्यात बसून सगळ्यांना सांगत होती ना, स्वतःची जागा बघतेय म्हणून! उद्या सगळी मापं उचलून घेऊन गेली असती. म्हटलं, बघू दे, हात नको लावू दे. फक्त बघण्यापुरतं ठेवलं. मला काय माहीत, त्यानं माझंच दार लागेल!"

"आणि दुरुस्तीवाला दोनदा आला," तो म्हणाला, "तेव्हा त्याला हे सांगितलं नाहीत."

"घरचं भांडण परक्याला काय सांगायचं?"

बहीण पुढच्या खोलीत आली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ती भावाशी थेट बोलली आणि काकांना मध्ये घेतलं नाही. "अठरा वर्षं मी इथे माणसांच्या पायाशी बसून मापं घेतली. आणि तू मला चोर ठरवलंस. तेही पाठीमागून. एक खूण काढून. तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती?"

"होती. तू ऐकून घेतलं असतंस?"

"नसतं घेतलं! पण निदान या माणसाचं कातडं वाचलं असतं!"

मग ती त्याच्याकडे वळली. त्याला वाटलं होतं, आता निदान एखादा बरा शब्द मिळेल. दोष तर सापडला होता.

"आणि तू," ती म्हणाली. "जाताना मी तुला वही मागितली होती. काय कुठे आहे, बिघडलं तर काय करायचं, ते लिहून दे म्हणाले होते. तू काय म्हणालास?"

त्याला आठवत होतं. दारात बूट घालता घालता तो म्हणाला होता, आता तुमचं तुम्ही बघा. ते म्हणताना त्याला बरं वाटलं होतं. आठवडाभर बरं वाटत राहिलं होतं.

"चार ओळी," ती म्हणाली. "फोल्डरला हात लावू नका, एवढं जरी लिहिलं असतंस. पण नाही. तुला आमची जिरवायची होती. आणि इतकी वर्षं इथे मालक म्हणून तुझंच नाव!"

"मला बाहेरून आत येता येत नव्हतं," तो म्हणाला. ते खरं होतं आणि कुचकामीही.

त्याने मान खाली घालून काम सुरू केलं. बहिणीच्या लॉगिनला फोल्डरमध्ये वाचणं, लिहिणं, नवीन ठेवणं, पुसणं, असे चारही हक्क दिले. वायरीवरून दुसऱ्या कॉम्प्युटरला फोल्डर वापरायला देण्याच्या, म्हणजे शेअरच्या, परवानग्या वेगळ्या असतात. दोन्हींतली जी कडक ती लागू होते. म्हणून त्याही तपासल्या. मग दोघांना आपापल्या जागी बसून एकाच वेळी उघडायला सांगितलं. हजेरीपटाची फाईल आली. पिवळी पट्टी आली नाही. मधल्या खोलीतून बहिणीने तीनशे तीस टाकलं. पुढच्या खोलीत दादाच्या स्क्रीनवर आकडा बदलला.

"आता सगळी मापं मला काढून दे," ती तिथूनच म्हणाली. "एक कॉपी. मी जाणारच आहे. लपवायचं काही राहिलं नाही."

"कॉपी करून तर दाखवा, जावईबापू," दादा म्हणाला. "तंगडं मोडून ठेवीन. इथे बदलायला भरपूर आहेत."

"मी कोणालाच काही देत नाही," तो म्हणाला. "फाईल चालू करून दिली. माझं काम संपलं."

"बघितलंत, काका?" ती हसली. "शेवटी हा दादाचाच."

शिंप्याने कपडा खाली ओढून पुन्हा टाचणी लावली होती. कुबडी टेकत तो पुढे आला. "तुमचं काय ते तुम्ही बघा. पण ते माप माझं आहे. माझ्या पायाचं. मला ते कागदावर छापून द्या. आत्ता. पुन्हा कोणाच्या भांडणात जायला नको."

दादाने तोंड उघडलं. पण टेबलावर तो पाय आडवा पडला होता, आणि त्याच्याकडे बघत नाही म्हणणं त्यालाही जमलं नाही. त्याने छापलं. शिंप्याने कागद डोळ्यांजवळ नेऊन प्रत्येक आकडा वाचला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. मग स्टुलाकडे वळून म्हणाला, "बाई, जखम सुकली की येतो. पण सूज उतरली असेल, पुन्हा मोजा. आणि भरताना मी शेजारी उभा राहणार."

निघायच्या आधी जावयाने दादाकडे कोरी वही मागितली. अर्धा तास बसून सगळं लिहिलं. फोल्डर कुठे, हक्क कोणाला किती, आधी काय तपासायचं. शेवटी यादीतून स्वतःचं नाव काढून मालक म्हणून दादाचं टाकलं. वही टेबलावर ठेवली तेव्हा दादा म्हणाला, "अक्षर अजून घाणच आहे तुमचं."

शिंप्याचा पाय तीन आठवड्यांनी बसला. साचेकाकांनी फोन करून कळवलं. त्यांनीच पुढचंही सांगितलं. दोन महिन्यांनी बहिणीने पलीकडच्या रस्त्यावर एक खोली घेतली. कॉपीबिपी काही नाही. पण एकेक पेशंट दादासमोर येऊन उभा राहू लागला. माझं माप मला छापून द्या. घडी घालायची, खिशात टाकायची, रस्ता ओलांडायचा. सगळे गेले नाहीत. बरेच गेले.

त्यानंतर दादाचा एकदा फोन आला. "तुम्हीच शिकवलंत ना तिला हे?" जावयाने फोन ठेवून दिला.

तिची गाठ पडली ती त्याच्याच दवाखान्यात, ऑपरेशनच्या वॉर्डाबाहेर; पाय कापलेल्या पेशंटचं माप घ्यायला ती आली होती. तिच्या हातात मोजपट्टी होती आणि जाड पुठ्ठ्याच्या कार्डांचा एक गठ्ठा, रबराने बांधलेला. ती त्याला टाळून पुढे गेली, आणि काय वाटलं कोण जाणे, थांबली.

"माझ्याकडे सगळं कार्डावर चालतं," ती म्हणाली. "कॉम्प्युटर नाही. ठेवणारही नाही. तुझ्या प्रोग्रॅमचं नाव काढू नकोस."

"मी कुठे काढलं?"

"तोंडावर दिसतंय."

तो खरोखरच त्याच विचारात होता. एकाच माणसाचं काम, एकच कॉम्प्युटर, हजेरीपटाची कटकटसुद्धा नाही. दोन दिवसांत लिहून झालं असतं. पण त्याने नजर त्या गठ्ठ्यावरून काढून घेतली. वॉर्डाच्या दारातून नर्सने हाक मारली आणि ती कार्डांचा गठ्ठा काखेत मारून आत गेली.